अंडर टेस्ट

औषधाच्या कारखान्यात मालाला तीनच रंग असतात. हिरवी चिठ्ठी लागली की पास, लाल लागली की नापास, आणि या दोन्हींच्या आधी प्रत्येक पिंपाला, प्रत्येक पिशवीला लागते ती पिवळी. तिच्यावर छापलेलं असतं ‘अंडर टेस्ट’. बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत तीसेक वर्षं मी क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली, त्यातली बरीचशी मायक्रोबायॉलॉजीच्या काचेआड. किती पिवळ्या चिठ्ठ्यांवर सही केली असेल, देव जाणे. नव्यानं लागलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात मी एवढंच शिकवायचो, की पिवळा माल पास होऊ घातलेला नसतो आणि नापास होऊ घातलेलाही नसतो. गोदामात त्याची जागा वेगळी, त्याच्याभोवतीची दोरी वेगळी. प्रॉडक्शनचा साहेब येऊन कितीही म्हणाला, “अरे, आधीच्या सगळ्या बॅचेस पास झाल्यात, हीही होणार,” तरी पिवळ्याला हळूच हिरव्याच्या रांगेत सरकवायचं नाही.

इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक मालाची परीक्षा तर चौदा दिवसांची. तसं फार्माकोपियातच लिहिलेलं आहे. थोडासा माल पोषक द्रवात सोडायचा, एक संच ३० ते ३५ अंशांत ठेवायचा, दुसरा २० ते २५ अंशांत, आणि रोज प्रत्येक नळी बाहेर काढून उजेडासमोर धरायची. द्रव नितळ असेल तर वहीत ‘नितळ’ लिहायचं, सही करायची, नळी परत आत. डिस्पॅचवाल्यांचे फोन चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच सुरू व्हायचे. “साहेब, काही दिसतंय का?” “नाही.” “मग सोडून द्या की.” त्यांना वाटायचं आम्ही मुद्दाम अडवून धरतोय. काही जंतू फार सावकाश वाढतात, बाराव्या दिवशीसुद्धा एखादी नळी गढूळ होऊ शकते. त्या माणसाला मी नेहमी एकच उत्तर द्यायचो: बाबा रे, या चौदा दिवसांत मी परीक्षेची वाट बघत नाही, चौदा दिवस हीच परीक्षा आहे.

निवृत्त झालो आणि माझ्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाला पिवळी चिठ्ठी लागली.

पावसाळ्यात धरलेला खोकला दिवाळीचे कंदील उतरले तरी जाईना, म्हणून पालघरला छातीचा एक्स-रे काढला. एक्स-रे बघून डॉक्टरांनी सीटी सांगितला. सीटीत जे दिसलं त्याचं माप चार सेंटिमीटरांच्या जरा वर होतं. छातीच्या डॉक्टरांच्या हिशेबात तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ एका खात्यात आणि त्यावरची दुसऱ्या; दुसऱ्या खात्यातल्या गाठीला ते ‘मास’ म्हणतात आणि म्हणताना त्यांचा आवाज उतरतो. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत दोन शक्यता शेजारीशेजारी छापलेल्या होत्या, कर्करोग आणि क्षय, मध्ये एक तिरपी रेघ. डॉक्टर तरुण होते, माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, “काका, सुईनं तुकडा काढून बघावा लागेल. तोवर मी इकडे नाही बोलणार, तिकडेही नाही.” त्या क्षणी तो मुलगा मला फार आवडला. घरी येईपर्यंत त्याचाच राग आला.

तुकडा मुंबईला काढायचा होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या. पण फुप्फुसात सुई घालायची वेळ आली की आमच्याकडचा माणूस अजून स्टेशनावरच जातो. डहाणू-तलासरीकडचे वापी किंवा सिल्वासा गाठतात, बोईसर-पालघरचे चर्चगेटची गाडी. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा नोकरदारांनी पेढे वाटले होते. त्या लोकलचा दुसरा उपयोग तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता. आता कळला. सकाळच्या गाडीत मांडीवर मोठाली पाकिटं घेऊन बसलेली माणसं असतात. पाकीट दुमडू नये म्हणून ती गर्दीतही दोन्ही हातांनी आडवं धरतात. केळवे रोड, सफाळे, वैतरणा गेलं, विरारला गर्दीचा लोंढा आत आला, तरी पाकीट आडवंच. मीही तसंच धरलं होतं.

सीटीच्या यंत्रात मला पालथं झोपवलं. रेकॉर्ड केलेला बाईंचा आवाज हिंदीत सांगायचा, साँस रोकिए. थोड्या वेळानं, साँस छोडिए. पाठीत भुलीचं इंजेक्शन, मग नुसता दाब, मग टक् असा एक आवाज. असं दोन-तीनदा. काम झाल्यावर मी डॉक्टरांना म्हणालो, नमुना बघू का? त्यांनी बाटली माझ्या डोळ्यांसमोर आणली. तळाशी फिकट, मिलिमीटरभर जाडीचे तुकडे, एकाच्या टोकाला रक्ताचा ठिपका. त्याहून जास्त वेळ मी बाटलीवरचं लेबल वाचलं. नाव, वय, नोंदणी क्रमांक, कुठल्या बाजूचं फुप्फुस, कुठला भाग. तारीख घालायची राहिली होती. सिस्टरना सांगितलं. त्या वैतागल्या, पण तारीख घातली. “फॉर्मलिन दहा टक्के ना?” मी विचारलं. “दहा.” “म्हणजे फॉर्माल्डिहाइड चार टक्के.” यावर भूल देणारे डॉक्टर मोठ्यानं हसले आणि मला बरं वाटलं. मग फुप्फुसातून हवा गळत नाही ना हे बघायला काही तास पडून राहायचं होतं, दुसरा एक्स-रे व्हायचा होता. ही बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. खिडकीवर सांगितलं, आठ-दहा दिवस. इम्युनो नावाची पुढची तपासणी करावी लागली तर जास्त.

हिला ते दिवस ऐकून धक्का बसला. “एवढासा तुकडा बघायला दहा दिवस?” तिचा प्रश्न अगदी डिस्पॅचवाल्याचा होता. पण मला उत्तर ठाऊक होतं, आणि रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी त्या तुकड्याच्या मागोमाग जात असे. फॉर्मलिन ऊतीत तासाला साधारण मिलिमीटरभर शिरतं, पण शिरणं वेगळं आणि आतली प्रथिनं बांधून ठेवणं वेगळं. त्याला निदान सहा तास तरी द्यावेच लागतात. ते न देता घाई केली तर पेशीची घडणच बिघडते आणि पुढे कितीही हुशार डॉक्टर बसवला तरी त्याला बिघडलेलंच दिसणार. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून तुकडा फिरवून त्यातलं पाणी काढतात, झायलीननं अल्कोहोल काढतात आणि साठेक अंशांवर वितळलेलं मेण त्या जागी भरतात. मेणाची वडी थंड झाली की मायक्रोटोमवर तिचे तीन-चार मायक्रॉनचे काप. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप कोमट पाण्यावर तरंगत ठेवतात म्हणजे त्याच्या सुरकुत्या जातात, आणि खालून काच घालून अलगद उचलतात. हे काम हातानं होतं. कुणीतरी माणूस, बहुधा बारावीनंतर डिप्लोमा केलेली एखादी मुलगी, श्वास धरून तो काप उचलत असणार. मी तिच्यासाठी मनातल्या मनात म्हणायचो, सावकाश गं बाई.

एवढं करूनही काचेवर काहीच दिसत नाही. काप रंगहीन असतो. तो रंगवावा लागतो आणि इथे आमच्या बोईसरचा संबंध येतो. निळसर-जांभळा रंग देणारं हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून निघतं. युरोपातले लोक त्यानं कापडं रंगवायचे. गुलाबी रंगाचं इओसिन १८७० च्या दशकात जर्मन रंग-रसायनशास्त्रज्ञांनी बनवलं. दोन्ही मुळात रंगाऱ्याची. पेशीच्या केंद्रकाला पहिलं धरतं, बाकीच्या भागाला दुसरं, आणि जगभरातले निदान करणारे डॉक्टर दीडशे वर्षांनंतरही आधी हीच जोडी बघतात. तारापूर एमआयडीसीत डाय आणि डाय-इंटरमीजिएटच्या एवढ्या कंपन्या आहेत की काही गल्ल्यांतून शिफ्ट सुटली की नखं बघून कोण कुठे कामाला आहे ते सांगता यायचं. धुवून न जाणारं पिवळं, किरमिजी, निळं. पावसाळ्यात नाल्यांनाही तेच रंग यायचे. त्या रंगांना आम्ही आयुष्यभर नावं ठेवली. आता कुठेतरी परळ-दादरच्या प्रयोगशाळेत त्याच कुळातले दोन रंग माझ्या फुप्फुसाची भानगड उलगडून बघत होते.

इकडे घरी मात्र सगळ्यांना कारण हवं होतं. काय झालंय हे कळायच्या आधीच, का झालं याचा निकाल प्रत्येकानं लावून टाकला. माझ्या मेव्हणीच्या मते, कंपनीतला वायू. रात्री उशिरा सोडतात, खिडक्या बंद केल्या तरी घशात येतो, हे बोईसरमधलं कुणीही सांगेल. शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणून पश्चिमेकडे हात केला, म्हणजे अणुशक्ती. त्यांचे यजमान टॅप्समध्येच, म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्रातच, नोकरी करून निवृत्त झालेले, ठणठणीत. ते शेजारीच पेपर वाचत बसले होते, त्यांनी मानही वर केली नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून चालल्या, वीज बनवणाऱ्या देशातल्या पहिल्या. एक गोष्ट मात्र काकूंना मी सांगितली आणि त्यांना ती पटेना: तारापूरचं केंद्र ज्या अणुऊर्जा खात्याखाली येतं, त्याच खात्याखाली परळचं टाटा कर्करोग रुग्णालयही येतं, १९६२ पासून. “म्हणजे करणारे तेच आणि बरं करणारेही तेच?” काकू म्हणाल्या. हे असं सोपं नाही, हे मी सांगायला गेलो आणि खोकला आला.

मी स्वतः रसायनशास्त्राचा माणूस. रात्री मीही यादी करत बसायचो. रंगधंद्यातल्या ॲरोमॅटिक अमाइन्सचा डोळा असतो मूत्राशयावर. फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन नावाच्या शल्यविशारदानं १८९५ साली फुक्सीनच्या कारखान्यातल्या कामगारांत ते पहिल्यांदा दाखवलं. क्रोमियम, सहा संयुजेचं असेल तर, फुप्फुसावर जातं. सिगारेट मी ओढली नाही, पण त्यानं काही सिद्ध होत नाही. आईच्या चुलीचा धूर लहानपणी खाल्ला. यादी वाढत वाढत गेली आणि एका रात्री मला आमच्याच लॅबचा नियम आठवला: बॅच नापास ठरल्याशिवाय चौकशीची फाइल उघडायची नाही. आधी उघडली की माणूस पुरावे गोळा करत नाही, साक्षीदार गोळा करतो.

परळच्या प्रयोगशाळांचा पाया ज्यांनी घातला त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं एक काम इथे सांगण्यासारखं आहे. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून ते तिथे होते. चाळीसच्या दशकात त्यांनी आपल्याकडच्या सवयींशी बांधलेले काही कर्करोग जगापुढे मांडले. तंबाखूचे तर होतेच, पण एक होता धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षं आवळून बांधलेल्या धोतराच्या रेषेवर कातडीचा कर्करोग होतो, असा. घरात बसून कुणाला हे सुचलं असतं का? निदान झालेल्या रुग्णांकडूनच सवयीचा माग निघाला. पहिली काचपट्टी, मग धोतर. आमच्याकडे उलटं चाललं होतं.

याचा अर्थ तारापूरची हवा निर्दोष सुटली असा कुणी घेऊ नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ च्या निर्देशांकात देशभरातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी पहिलं आलं. या परीक्षेत पहिलं येणं म्हणजे काय ते सांगायला नको. खाडीतली मासळी मरते म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हरित लवादाकडे गेली. मुरबे, नवापूर, सातपाटीच्या त्या माणसांची तक्रार माझ्या बायॉप्सीवर अवलंबून नाही. माझा रिपोर्ट काहीही आला तरी त्यांची खाडी तशीच आहे. उलट मला भीती होती ती ही, की माझ्यात कर्करोग निघाला तर लोक म्हणतील बघा, आणि नाही निघाला तर कंपनीवाले म्हणतील बघा. त्या चार सेंटिमीटरांवर दोन्हीकडच्यांनी आपापला झेंडा रोवायला मी तयार नव्हतो.

आता क्षयाबद्दल. माझ्या आजोळी एका मावशीला क्षय झाला होता. तिचं ताट-वाटी वेगळी, अंथरूण ओटीवर, आणि ती गेली तेव्हा तिच्या वस्तू जाळल्या. त्या आजाराचं नाव आमच्या घरात मोठ्यानं घेत नसत. आणि इथे मुंबईच्या त्या इस्पितळात, एक्स-रेच्या रांगेत, विक्रमगडकडचा एक माणूस माझ्या पुढे उभा होता, तोही पाकीट आडवं धरून, तो मला म्हणाला, “दादा, टीबी निघू दे एवढंच मागतोय.” मी त्याला हो म्हणालो. मीही तेच मागत होतो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी पाव हिस्सा आपल्या देशात, आणि रांगेतले आम्ही दोघं त्या पाव हिश्शात आपली वर्णी लागावी म्हणून हात जोडून उभे. सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. त्यातलं रिफाम्पिसिन तर आमच्याच एमआयडीसीत बनतं. त्या प्लांटमधल्या माणसांचे कपडे विटकरी-नारिंगी व्हायचे, आम्ही कँटीनमध्ये त्यांची थट्टा करायचो. रिफाम्पिसिन घेतलं की लघवीलाही तोच रंग येतो. मला तो रंग आता फार सुंदर वाटू लागला होता.

थुंकीची सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूची यंत्रावरची तपासणी, झाली होती. ते यंत्र दोन तासांत सांगतं. निगेटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, थुंकीत नाही म्हणजे गाठीत नाही असं नव्हे. कल्चर लावलंय, त्याला सहा आठवडे. क्षयाचा जंतू दिवसाकाठी जेमतेम एकदा दुप्पट होतो, त्याला घाई नाही. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की पाच-सहा दिवस मी स्वतःच माझी चिठ्ठी हिरव्याच्या रांगेकडे ढकलत होतो. क्षयाच्या बाजूनं काही वाचलं की ते खरं वाटायचं. वजन घटलंय, हे त्यात बसतं. संध्याकाळी कणकण येते, हेही. जे बसत नव्हतं ते मी वाचायचंच सोडलं होतं. नव्या पोरानं वहीत असं केलं असतं तर मी त्याला उभा केला असता.

हिची रीत वेगळी. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रविवारी भाच्याला घेऊन ती विवळवेढ्याला महालक्ष्मीला जाऊन आली आणि मला सांगितलं बाजारात गेले होते. बाजारातून कुणी कुंकू लावून येत नाही. मी विचारलं, “काय बोललीस?” “ते सांगायचं नसतं.” “निदान काय निघू दे म्हणून बोललीस ते तरी सांग.” ती म्हणाली, “अहो, मी काही निघू दे म्हटलंच नाही. जे निघेल ते निस्तरायला बळ दे म्हटलं.” चार पुस्तकं शिकून आणि तीस वर्षं चिठ्ठ्या लावून मी जिथे पोचायला धडपडत होतो, तिथे ही एका रविवारी जीपनं जाऊन आली होती.

त्याच सुमारास जुना सहकारी भेटायला आला. तो धुंदलवाडीचा. डहाणू-तलासरीच्या त्या गावांत नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हलायला लागली. आज धक्का, उद्या धक्का, कधी रात्रीत अनेक. लोक थंडीत बाहेर झोपायचे, सरकारनं तंबू दिले, हैदराबादहून शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन आले. मोठा धक्का येणार का, असं सगळे विचारायचे आणि ते प्रामाणिकपणे सांगायचे, सांगता येत नाही. हा तेव्हा रात्रपाळी करून सकाळी घरी जायचा तो आधी भिंतीच्या भेगा मोजायचा. मी त्याला विचारलं, “मग तुम्ही परत घरात झोपायला कधी लागलात? कुणी सांगितलं का, की आता धोका गेला?”

“कोण सांगणार?” तो म्हणाला. “भात झोडायचं राहिलं होतं. दिवसभर झोडणी करून आलो की तंबूपर्यंत जायचा कंटाळा यायचा. घरातच आडवे व्हायला लागलो.”

“आणि हलायचं थांबलं?”

“कुठलं? हलत होतंच की.”

तो गेल्यावर मी कागद घेतला आणि मध्ये रेघ मारली. एका बाजूला, रिपोर्ट आल्याशिवाय करता येत नाहीत अशी कामं. दुसऱ्या बाजूला, करता येतात अशी. पहिल्या बाजूला फार काही जमेना. मुलाला पुण्याहून रजा टाकून बोलवायचं की नाही. सफाळ्याचा जमिनीचा तुकडा विकायचा का. बस्स. दुसरी बाजू पानभर झाली. गच्चीची गळती. विम्यावरचं वारसाचं नाव, जे आईचंच राहिलं होतं आणि आई जाऊनही बरीच वर्षं झाली. मार्गशीर्षातलं पुतणीचं लग्न. उधार आणलेली शिडी. चष्मा. त्या कागदानं माझी भीती गेली नाही. रात्री तीनला ती यायची, तशीच यायची, आणि तेव्हा शिडी परत केल्याचा काडीचा उपयोग नसायचा. पण दिवसा मी शिडी परत करत होतो. विम्याच्या कचेरीत फॉर्म भरताना ‘प्रकृती’ या रकान्यापाशी पेन थांबलं, तिथल्या मुलीनं विचारलं, “काका, काही आजार?” मी म्हणालो, “तपासणी चालू आहे.” “मग ‘नाही’ लिहू?” “तपासणी चालू आहे असंच लिहा.” तिच्या संगणकात तशी सोय नव्हती. हो किंवा नाही, एवढंच होतं. वारसाचं नाव बदलायला तो रकाना लागतच नाही असं नंतर साहेबांनी सांगितलं आणि सुटलो.

रिपोर्टचा निरोप मोबाइलवर आला. ही शाळेत होती. मला मोबाइलवर ते बारीक अक्षर वाचता येईना, वाचायचंही नव्हतं. म्हणून चित्रालयजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून घेतलं. दुकानातला मुलगा कागद देताना म्हणाला, “दहा रुपये, अंकल,” आणि त्यानं एकदा कागदाकडे बघितलंच. मी रस्त्याच्या कडेला, रिक्षांच्या रांगेमागे उभा राहून वाचलं. तुकड्यात बहुतेक मृत पेशी. जिवंत कर्कपेशी दिसल्या नाहीत. क्षयाचे ग्रॅन्युलोमाही दिसले नाहीत. मत देण्यास नमुना अपुरा. पुन्हा बायॉप्सी सुचवली आहे.

सुई बरोबर गाठीतच गेली होती, पण मधोमध, आणि गाठीचा मधला भाग मेलेला होता. कर्करोगाची मोठी गाठही मधून अशी मरते आणि क्षयाचीही. म्हणजे तो तुकडा खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पिंपाच्या एकाच कोपऱ्यातून सॅम्पल काढलं की असंच होतं, हे मी किती जणांना ओरडून सांगितलं असेल. तिथे रस्त्यावर मला हसू आलं. एक रिक्षावाला म्हणाला, “कुठे जायचं, काका?” मी म्हणालो, परत मुंबई. तो म्हणाला, “स्टेशनपर्यंत सोडतो.”

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधीच वाचलं होतं. “सॉरी काका, होतं असं कधीकधी. यावेळी पेट स्कॅन करून घेऊ, म्हणजे जिवंत भाग कुठला ते दिसेल, आणि तिथला, कडेचा तुकडा घेऊ.” मी विचारलं, “आणि या रिपोर्टवरून तुमचा कल कुठे?” विचारायचं नव्हतं, विचारलं गेलं. ते म्हणाले, “कल नाही काका. तारीख देतो. मंगळवार?”

संध्याकाळी ही आली. पर्स ठेवायच्या आतच तिनं टेबलावरचा कागद उचलला, दोनदा वाचला, पालथा करून मागे काही आहे का तेही बघितलं.

“म्हणजे काहीच कळलं नाही?”

“तुकडा बरोबर जागचा नव्हता, एवढं कळलं.”

“परत तेवढेच दिवस?”

“पेट धरून जास्तच.”

तिनं आत जाऊन हातपाय धुतले. चहा ठेवला. आतूनच विचारलं, “तारीख कधीची देतायत?”

“मंगळवार म्हणालेत.”

“मंगळवारी नको. मंगळवारी माझी मतदार यादीची, बीएलओची मीटिंग आहे तहसीलला, ती सोडता येणार नाही. बुधवार मागा.”

मी परत फोन लावला. बुधवार मिळाला, सकाळी नऊचा. म्हणजे पहाटेची गाडी.